प्लास्टिकचे बंपर आणि पॅनल रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या पत्र्याचा रंग वर्षानुवर्षं टिकतो आणि बंपरचा मात्र दोन पावसाळ्यांत पोपडे धरून निघतो, ही तक्रार गावोगावच्या गॅरेजमध्ये ऐकू येते. त्यावरून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. स्वतः रंगवणाऱ्यांना तर ती उपयोगी पडतीलच, पण गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे टाकून किल्ली देणाऱ्यांनीही वाचावीत. काय विचारायचं हे माहीत असलं की काम करणाराही सावध राहतो.

बंपरचाच रंग का सुटतो? पत्र्याचा का नाही?

कारण रंगाला धरायला तिथे काही नसतं. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी या प्लास्टिकचे असतात. त्यात लवचिकपणासाठी ईपीडीएम रबर आणि ताठपणासाठी टाल्क (शंखजिऱ्याची पूड) मिसळलेलं असतं. पीपी हे मेणचट जातीचं प्लास्टिक. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर चिकटपट्टी धरत नाही, तोच हा स्वभाव. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर त्याची पृष्ठ-ऊर्जा, म्हणजे वर आलेलं द्रव धरून ठेवायची पृष्ठभागाची ओढ, साधारण ३० डाइन प्रति सेंटिमीटर असते आणि रंग नीट पसरून बसायला ३८च्या पुढे लागते. पत्र्याला कारखान्यात फॉस्फेटचा आणि विजेवर चढवलेल्या प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) थर मिळतो, वरचे थर १४० अंशांच्या आसपास भाजले जातात. प्लास्टिक एवढ्या तापमानात मऊ पडून वाकडं होईल, म्हणून बंपरचा रंग ८० अंशांच्या आसपास भाजतात. त्याआधी बंपरवरून गॅसची ज्योत झपकन फिरवून पृष्ठभाग बदललेला असतो, नाहीतर खास प्रायमर मारलेला असतो. म्हणूनच कंपनीचा मूळ रंग बंपरवरही चांगला टिकतो. सुटतो तो बहुधा नंतर मारलेला.

सुटलेला पोपडा हातात घेऊन उलटा करून बघा. खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल आणि बंपरवर कोरं काळं प्लास्टिक दिसत असेल, तर रंगाचा दोष नाही. रंग उत्तम होता, तो बसलाच नव्हता. पोपड्याच्या पोटाला प्रायमर चिकटून आला आहे की प्रायमर बंपरवरच राहिला आहे, एवढं पाहिलं तरी कुठल्या थरात काम फसलं ते कळतं. भांडायला जाण्याआधी हे बघून ठेवावं.

माझा बंपर कुठल्या प्लास्टिकचा आहे हे कसं ओळखायचं?

पाठीमागून बघा. बंपर, क्लॅडिंग (दारांखाली आणि चाकांभोवती असते ती काळी प्लास्टिकची पट्टी), आरशाचं कव्हर, ग्रिल, सगळ्यांच्या आतल्या बाजूला दोन टोकदार कंसांच्या मध्ये प्लास्टिकचं नाव इंग्रजी अक्षरांत, ठशात असतं. 'पीपी + ईपीडीएम-टी२०' किंवा 'पीपी + ई/पी-टीडी२०' असं काही दिसलं तर तो पीपी आणि रबराचा मेळ, त्यात २० टक्के टाल्क. आरशाच्या कव्हरवर बहुधा 'एबीएस' किंवा 'एएसए' सापडेल, ही पीपीहून वेगळ्या जातीची ताठ प्लास्टिकं. ग्रिलही पुष्कळदा एबीएसचं असतं. काही परदेशी बनावटीच्या गाड्यांची पुढची मडगार्डं 'पीपीई + पीए' या ताठ मिश्रणाची असतात.

ठसा सापडला नाही तर आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर १८० नंबरचा सँडपेपर घासा. एबीएस कोरडी भुकटी सोडतं. पीपी भुकटी होत नाही, त्याचे बारीक केस उभे राहतात आणि पेपर जोरात चालवला तर ते वितळल्यासारखं लिंपलं जातं. एकदा हाताला कळलं की पुढे ठसा शोधायची गरजही पडत नाही.

आणखी एक युक्ती सर्रास सांगितली जाते: तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. कोऱ्या पीपीसाठी ती खरी आहे, त्याची घनता ०.९च्या आसपास. पण २० टक्के टाल्क भरलेला पीपी पाण्यापेक्षा किंचित जड होतो आणि एबीएससारखाच बुडतो. म्हणजे नेमक्या बंपरच्या बाबतीत ही युक्ती फसवते. बुडाला म्हणून एबीएस समजून रंगवला, की पुढच्या पावसाळ्यात पोपडे ठरलेलेच.

ओळखून फरक काय पडतो?

सगळाच. एबीएसमध्ये रंगातलं थिनर किंचित शिरतं, पृष्ठभाग हलकासा मऊ होतो आणि रंग त्यात रुततो. नीट घासून साधा टू-के प्रायमर (हार्डनर म्हणजे थर कडक करणारं द्रव्य मिसळून मारायचा) मारला तरी चालतं. पीपी स्वतः थिनरने मऊ होत नाही, तिथे मधला दुवा लागतोच. तो दुवा म्हणजे ॲडहिजन प्रमोटर. दुकानात त्यालाच प्लास्टिक प्रायमर म्हणतात.

ॲडहिजन प्रमोटर करतो तरी काय?

त्यात क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन असतं. ही राळ अर्धी पीपीच्या कुळातली आणि अर्धी रंगाच्या ओळखीची. त्यातलं सॉल्व्हंट (थिनरसारखं उडून जाणारं द्रव) बंपरमधल्या रबराच्या भागाला किंचित फुगवतं, राळ आत शिरते, सॉल्व्हंट उडून गेलं की तिथेच अडकून बसते. वरची बाजू प्रायमर किंवा बेसकोटला (मुख्य रंगाच्या थराला) धरून ठेवते. बंपरमध्ये रबर असतं म्हणून हे जमतं. रबर नसलेल्या कोऱ्या पीपीवर हाच प्रमोटर तेवढा ताकदवान ठरत नाही. डिक्कीतल्या कडक प्लास्टिकच्या ट्रेवर रंग टिकत नाही त्यात हेही एक कारण असतं.

मग दोन-तीन दणदणीत हात मारले तर जास्त चिकटेल ना?

नाही, उलट सुटेल. हा थर तीन ते पाच मायक्रॉनचा असतो, दिसेल न दिसेल इतका. जाड झाला तर तो स्वतःच मधून फाटतो: अर्धा बंपरवर, अर्धा रंगाच्या पोटाला. एक हलका हात, फार तर आडवा-उभा मिळून दोन. ओला चकचकीत दिसला की थांबायचं.

दुसरी चूक वेळेची. प्रत्येक प्रमोटरला पुढचा थर मारण्याची वेळ ठरलेली असते. कुणाची दहा मिनिटांत सुरू होते, कुणाची तासाभरात संपते. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ती असते आणि ती वाचणारे कमी. सकाळी प्रमोटर मारला, मग चहा, मग दुसरी गाडी आली, संध्याकाळी बेसकोट, हा क्रम गॅरेजमध्ये नवा नाही. वेळ उलटून गेली असेल तर हलकं घासून पुन्हा मारायचा, हाच मार्ग.

सगळ्यात महत्त्वाची पायरी कोणती?

धुणं. लोक स्प्रे गनबद्दल, लॅकरच्या ब्रँडबद्दल तासभर बोलतील, धुण्याबद्दल कुणी बोलत नाही. बंपरवर काय काय असतं बघा: नवा असेल तर साच्यातून सुटावा म्हणून मारलेल्या द्रव्याचा अंश, जुना असेल तर डांबर, डिझेलचा धूर, कार-वॉशवाल्याने चमक यावी म्हणून चोपडलेलं सिलिकॉन पॉलिश, आणि काळ्या क्लॅडिंगला कुणी तरी हौसेने पुसलेलं डिझेल किंवा खोबरेल. शेवटचे दोन सर्वांत वाईट. सिलिकॉनचा नुसता हात लागला तरी रंगात गोल गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात.

क्रम असा ठेवा. आधी साबण आणि कोमट पाणी, स्पंजाने, आतल्या वळलेल्या कडांसकट. वाळवा. मग वॅक्स-ग्रीज रिमूव्हर दोन फडक्यांनी: एका ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल जागेवरून हलतं, जात नाही. फडकं मधेमधे बदला. हे घासण्याच्या आधी करायचं. उलट केलंत तर पेपर ते तेल ओरखड्यांत कोंबून ठेवतो. घासून झाल्यावर पुन्हा एकदा तेच करायचं.

साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर फडक्यावर घेऊन पुसणं बहुतेक ठिकाणी चालतं, तरी मला ते पटत नाही. एबीएसचा पृष्ठभाग त्याने खाल्ला जातो, बारीक चिरा पडतात. पीपीमधलं रबर ते शोषून घेतं आणि नंतर रंगाखालून सोडतं, त्याचे फोड येतात.

'पाणी टाकून बघा, मणी झाले तर तेल आहे' ही पत्र्यावरची परीक्षा कोऱ्या पीपीवर चालत नाही. स्वच्छ पीपीवरही पाण्याचे मणीच होतात. प्रायमर मारलेल्या किंवा जुन्या रंगाच्या भागावर मात्र ती जरूर करावी.

नवीन बंपर आणला, तो आधीच काळ्या किंवा करड्या थराचा आहे. थेट रंग मारू का?

आधी तो थर प्रायमर आहे की प्लास्टिकचाच रंग आहे ते ठरवा. आतल्या बाजूचा आणि बाहेरचा पोत वेगळा असेल, कडेला फवाऱ्याचा धूसर शेवट दिसत असेल, तर प्रायमर. मग एका कोपऱ्यावर थिनरचं फडकं अर्धा मिनिट धरून ठेवा. प्रायमर फडक्यावर उतरला नाही तर तो पक्का आहे: ६०० नंबरने किंवा करड्या स्कॉचब्राइटने (घासायच्या जाळीदार चिंधीने) घासून चकाकी घालवा, पुसा, पुढे चला. चिखलासारखा विरघळून आला तर तो नुसता वाहतुकीपुरता मारलेला थर. बाजारातल्या स्वस्त बंपरवर हे आढळतं. तो पूर्ण काढावा लागतो. त्याच्यावर कितीही चांगला रंग मारा, वाळूवर भिंत बांधल्यासारखं होईल.

जुना कंपनीचा रंग शाबूत आहे, फक्त ओरखडे आहेत. सगळं खरवडायचं का?

मुळीच नाही. कारखान्यातून आलेला थर हा तुम्हाला मिळू शकणारा सर्वोत्तम प्रायमर आहे. त्याची चकाकी घासून घालवा, ओरखड्यांच्या कडा पेपरने उतरत्या करा, आणि जिथे कोरं प्लास्टिक उघडं पडलं तेवढ्याच जागी प्रमोटर मारा. आधी मारलेला दुय्यम रंग सुटायला लागला असेल तर मात्र अर्धवट ठेवू नका. नखाने किंवा पट्टीने जिथवर निघतो तिथवर काढा आणि कडा घट्ट लागेपर्यंत घासत जा.

पेंट रिमूव्हर वापरला तर काम पटकन होईल?

पत्र्यावर होईल. प्लास्टिकवर वापरू नका. रंगाबरोबर तो प्लास्टिकही मऊ करतो आणि आत जिरतो.

पेपर कुठल्या नंबरचा?

कोऱ्या प्लास्टिकवर ३२० ते ४००, आणि कानाकोपऱ्यांत लाल स्कॉचब्राइट. सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर) मारला असेल तर तो ६००ने, आणि वर मेटॅलिक किंवा पर्ल जाणार असेल तर ८००ने पाणी मारून. यापेक्षा जाड पेपरच्या रेघा मेटॅलिकखालून उन्हात दिसतात. पीपीवर उभे राहिलेले केस शेवटी बारीक पेपरने पाण्यात घासून बसवा.

चकाकी कुठेच उरता कामा नये. फॉगलॅम्पच्या भोवतीची खाच, नंबरप्लेटची जागा, चाकाच्या कमानीला बंपर जिथे आत वळतो ती कड: रंग सुटायला सुरुवात याच जागांवरून होते, कारण पेंटरचा हात तिथे सगळ्यात कमी पोचतो.

बंपर काढून रंगवावा की गाडीवरच?

वरच्याच उत्तरामुळे: काढून. गाडीवर ठेवून कागद चिकटवला की कडेला रंगाची धार बनते, आणि जेट-वॉशचं पाणी त्या धारेखालून शिरतं. काढलेला बंपर स्टँडवर त्याच्या मूळ आकारात टेकवून ठेवा. दोन टोकांवर लोंबकळत ठेवलेला बंपर हीटरखाली पसरतो आणि मग बसवताना हेडलाइटपाशी फट पडते.

बंपरला तडा गेलाय किंवा खोल खरचटलंय. पुट्टी चालेल?

पत्र्याची नेहमीची पुट्टी नको. ती दगडासारखी ताठ. बंपर पार्किंगमध्ये कुठे दाबला गेला की तो वाकून परत येतो, पुट्टी वाकत नाही, तिला चीर जाते. प्लास्टिकसाठीची लवचिक पुट्टी मिळते, तीही पातळ थरात आणि पीपीवर असेल तर खाली प्रमोटर मारून. डब्यावर वेगळी सूचना असेल तर ती पाळा. लांबी नावाच्या भरावाने तर खड्डे भरूच नका.

आरपार तडा असेल तर आधी तो जोडला पाहिजे. गरम पिन आत रुतवून किंवा त्याच प्लास्टिकची कांडी वापरून प्लास्टिक वेल्डिंग करतात. पीपीला पीपीचीच कांडी लागते, एबीएसची कांडी पीपीवर वितळेल पण जुळणार नाही. वरून फेव्हिक्विक आणि पुट्टी, हा फार तर गाडी विकण्यापुरता उपाय. घेणाऱ्याने म्हणून बंपर आतून बघावा.

रंगात फ्लेक्स ॲडिटिव्ह (रंग लवचिक करणारं द्रव्य) घालावं का?

टू-के म्हणजे हार्डनर घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, मुळातच बऱ्यापैकी लवचिक असतो. आरशाचं कव्हर, ग्रिल, स्पॉयलर अशा ताठ भागांना काही घालायची गरज नाही. मऊ, हाताने दाबला जाणारा बंपर किंवा खालची लिप (बंपरच्या खालच्या कडेची पट्टी) असेल तर क्लिअरमध्ये, कंपनीने दिलेल्या प्रमाणात घाला. जास्त घातलं तर क्लिअर मऊ राहतो, धूळ धरतो, लवकर चमक सोडतो. ॲडिटिव्ह चिकटवण्याचं काम करत नाही. ते घातलं की प्रमोटर लागत नाही, हा गैरसमज मात्र फार पसरलेला आहे.

कॅन स्प्रेने घरी जमेल का?

आरशाचं कव्हर किंवा बंपरचा एखादा कोपरा जमेल. गोम क्लिअरमध्ये आहे. साध्या कॅनमधला क्लिअर नुसता वाळतो, त्यात रासायनिक जोड होत नाही. पेट्रोलचा थेंब पडला की तो विरघळतो आणि दोन उन्हाळ्यांत मंद पडतो. बुडाशी खटका असलेले टू-के कॅन मिळतात: खटका दाबला की आतला हार्डनर मिसळतो आणि मग काही तासांत किंवा फार तर दोनेक दिवसांत कॅन संपवावा लागतो. महाग आहेत, पण टिकायला हवं असेल तर तेच घ्या. त्यांची वाफही गनमधल्या क्लिअरइतकीच घातक असते, त्याबद्दल पुढे.

किती थर, किती वेळाने? आणि हवामानाचं काय?

प्रमोटरनंतर, लागलाच तर सरफेसर. मग बेसकोटचे दोन ते तीन हात, रंग पूर्ण झाकला जाईपर्यंत: वाळल्यावर मिळून १५ ते २० मायक्रॉन. दोन हातांमध्ये पृष्ठभाग पूर्ण मॅट होऊ द्या. ओलसर चमक दिसत असताना पुढचा हात मारला की आतलं थिनर अडकतं. शेवटी क्लिअरचे दोन हात, ४० ते ६० मायक्रॉन. यापेक्षा जाड मारून टिकाऊपणा वाढत नाही. जाड थर वाकताना आधी तडकतो.

हवामान आपल्याकडे अर्धं काम ठरवतं. कोकणात जुलैमध्ये उघड्यावर रंग मारायचा असेल तर न मारलेला बरा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंग पांढरट, धुरकट होतो. एनसी रंगात हे सर्वांत जास्त, पण टू-केलाही दमट हवा आवडत नाही: हार्डनर पाण्याशी संयोग करून वायू सोडतो आणि बारीक फोड येतात. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी पावसाळ्यात रोज काढावं, हवेच्या लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच. गनच्या तोंडातून उडालेला पाण्याचा एक थेंब चांगल्या चाललेल्या कामाचा विचका करतो.

विदर्भातल्या मे महिन्यात उलट अडचण. ४५ अंशांत झटपट थिनर वापरलं तर रंग बंपरवर पोचायच्या आत अर्धा वाळतो, खरखरीत बसतो. तिथे संथ थिनर आणि सकाळची वेळ. आणि ताजा क्लिअर मारून बंपर उन्हात टाकू नका. वरची साय लवकर धरते, आतलं थिनर तिला फोडून बाहेर येतं, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. आधी सावलीत, मग हवं तर ऊन किंवा ६० अंशांच्या आतली उष्णता.

धूळ का चिकटते एवढी?

प्लास्टिकवर स्थिर वीज साचते. कोरड्या फडक्याने जितकं पुसाल तितकी वाढते. अँटिस्टॅटिक क्लीनरने पुसा, खालची जमीन पाण्याने ओली करा, शेवटी टॅक क्लॉथ (धूळ उचलणारं चिकट फडकं) अलगद फिरवा, दाबू नका.

बंपरचा रंग बॉडीशी तंतोतंत का जुळत नाही?

नवीन गाडीतही नीट बघितलं तर थोडा फरक असतो. बंपर बहुधा वेगळ्या पुरवठादाराकडे, वेगळ्या लाइनवर, वेगळ्या तापमानाला रंगवलेला असतो. चंदेरीमध्ये ॲल्युमिनियमचे आणि पर्लमध्ये अभ्रकाचे कण कसे पडले यावर छटा ठरते: ओला जाड हात मारला तर कण बुडतात आणि रंग गडद दिसतो, हवा जास्त ठेवली तर उजळ. त्यामुळे कलर कोड बरोबर असूनही फरक राहतो. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून, क्लिअर लावून, वाळवून, गाडीशेजारी उन्हात धरून बघायचं. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो.

पार्किंग सेन्सर आणि रडार असलेल्या गाडीत काही काळजी?

सेन्सरवर जाड थर नको, तो कंप पावून काम करतो. सुटा काढून कंपनीच्या सूचनेप्रमाणे पातळ रंगवावा, भोकात रंग साचून तो जखडू नये. बंपरमागे रडार असेल तर त्याच्या समोरच्या भागात पुट्टी किंवा वेल्डिंग करायला अनेक कंपन्या मनाई करतात, कारण थराची जाडी आणि मेटॅलिकचे कण ७७ गिगाहर्ट्झच्या लहरींना अडवतात. त्या भागाला मार बसला असेल तर बंपर बदला आणि रडार पुन्हा जुळवून घ्या. गाडी स्वतः ब्रेक लावणार असेल तर तिथे काटकसर करू नये.

काळं क्लॅडिंग पांढरट पडलंय. बॉडी कलर मारू?

मारता येतो, पण विचार करा. क्लॅडिंग दगड झेलण्यासाठीच असतं. दाणेदार पोतावर रंग मारला की खडीने उडालेला प्रत्येक टवका उठून दिसतो. शिवाय उन्हाने जळलेलं पीपी वरून भुसभुशीत झालेलं असतं, ती भुकटी घासून काढल्याशिवाय त्यावर काहीच टिकत नाही. माझं मत विचाराल तर ट्रिम रिस्टोअरर (काळेपणा परत आणणारं द्रव्य) लावून काळंच ठेवा. रंगवायचंच असेल तर प्रमोटरवर मॅट काळा.

स्कूटरच्या पॅनलना हेच लागू?

हो. पॅनल काढून आतला ठसा वाचा. एबीएसही असतं, पीपीही असतं, एकाच स्कूटरवर दोन्हीही असतात. हेडलाइटची काच मात्र पॉलिकार्बोनेटची असते, तिच्यावर यातलं काही करू नका, थिनर लागलं तरी चिरते.

नुसता रुमाल बांधून स्प्रे मारतात सगळे. मास्क खरंच लागतो?

लागतो. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही धाप लागते. मग तो पेंटर हा धंदा करू शकत नाही. रुमाल, सर्जिकल मास्क, एन९५ यांतलं काहीही वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर (थिनरसारख्या द्रवांची वाफ) अडवणारे कार्ट्रिज असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क ही किमान गोष्ट, खरं तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असं समजू नका. बंद गॅरेजमध्ये, शेजारी पोरं खेळत असताना तर हे काम करूच नये.

रंगवल्यावर गाडी कधी धुवायची, पॉलिश कधी?

साध्या हवेत टू-के क्लिअर पूर्ण मुरायला आठवडाभर लागतो. तोवर साबण नको, पक्ष्यांची विष्ठा मात्र लगेच साध्या पाण्याने काढा. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग महिनाभर थांबवा. जेट-वॉशचा नोझल नेहमीसाठीच फूटभर लांब ठेवा आणि कडेवर तिरका मारू नका. कार-वॉशवाल्याला हे तोंडाने सांगावं लागतं.

विम्यात बंपरचं काम बसतं का?

बसतं, पण साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रंगकामात फक्त मटेरियलवर ५० टक्के कापतात, आणि बिल एकत्र असेल तर त्याचा २५ टक्के भाग मटेरियल धरतात. म्हणजे ६,००० रुपयांच्या नव्या बंपरचे ३,००० आणि ४,००० रुपयांच्या रंगकामातले ५०० तुमच्या खिशातून. त्यावर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि वरच्या गाडीला २,००० रुपयांची सक्तीची कपात. झिरो डेप घेतला असेल तर घसारा सुटतो, ही कपात सुटत नाही. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, जो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. नुसत्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून बघा, बहुतेक वेळा खिशातून केलेलं स्वस्त पडतं.

आरटीओला कळवावं लागतं?

त्याच रंगात बंपर रंगवला तर नाही. संपूर्ण गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. हौशी जीपवाल्यांसाठी जाता जाता: ऑलिव्ह ग्रीन संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे, खाजगी गाडीला तो मारता येत नाही.

गॅरेजवाल्याला नेमकं काय विचारू?

बंपर काढून रंगवणार का. कोऱ्या प्लास्टिकवर कुठला प्रमोटर मारणार, डबा दाखवा. क्लिअर टू-केचा आहे का. 'पॅनलचे किती' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. प्रमोटरच्या प्रश्नावर 'आमचा प्रायमर सगळ्यावर चालतो' असं उत्तर आलं, तर दुसरं गॅरेज बघा.

रंग बसलाय की नाही हे आधीच कळू शकतं का?

कळतं. आठवडा झाल्यावर, आत वळलेल्या न दिसणाऱ्या कडेवर कटरने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा आडव्या आणि सहा उभ्या रेघा मारा, पार प्लास्टिकपर्यंत. चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि तिरकी खेचून काढा. प्रयोगशाळेत याच पद्धतीला क्रॉस-कट चाचणी म्हणतात. एकही चौकोन निघाला नाही तर निश्चिंत राहा. कडांचे थोडे कण आले तर चालेल. चौकोनच्या चौकोन पट्टीवर आले, तर बंपर गाडीला बसवण्याआधीच परत घासायला घ्या. म्हणून पेंटरला आधीच सांगून ठेवावं की रंग कडेच्या आतपर्यंत नेऊन सोड, आम्हाला तिथे पट्टी लावून बघायची आहे.